सत्ताविसावी ओळ

३ मार्च

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी दोन अंगं सध्या भरवशाची राहिलेली नाहीत, तेव्हा षडंगच समजून घे.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून तिसऱ्यात तू एकाच ओळीत विचारलंस, 'मेलास का?' मेलो नाही. निवृत्त परिचारिकेने इतक्या घाईने निदान करू नये. फोन करत नाही, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला दहा मिनिटांपलीकडे बोलवत नाही. पहिली अडचण जुनीच आहे. दुसरीची हकीकत सांगतो.

गेली दोनेक वर्षं दुपारी तीनच्या सुमारास माझी डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली येते. आधी वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला. मग एकाचे दोन दिसू लागले. सकाळी मी अद्वैती असतो, तीननंतर द्वैती. आमच्या साहेबांचे दोन साहेब दिसतात, आणि एकच पुष्कळ होता. जेवताना जबडा मध्येच थांबून चिंतनात शिरतो. झोपून उठलं की सगळे अवयव शहाण्यासारखे जागेवर. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव सांगितलं: मायस्थेनिया. स्नायू वापरले की थकतात, विसावले की परततात. औषध चालू आहे. घाबरू नकोस, आणि मुख्य म्हणजे मला घाबरवू नकोस.

आता खरी गोष्ट. सव्वीस वर्षं मी सरकारी मुद्रणालयात मुद्रितं तपासतो आहे. सरकार जे छापतं ते आधी मी वाचतो, आणि बहुधा नंतर कुणीच वाचत नाही. माझी सही असलेल्या एकाही पानाला आजवर शुद्धिपत्र जोडावं लागलेलं नाही. पण साहेब म्हणाले, "पंडित, चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला आणा, नियमाप्रमाणे तुम्हाला दुपारपर्यंतचंच काम देतो. दाखला नसेल तर जूनअखेर तुम्हाला कामास अयोग्य म्हणून घरी पाठवावं लागेल." घरी मी काय करणार, ते तुला ठाऊक आहे. घरी मी आणि शब्दकोश, आणि तोही माझाच तपासलेला.

म्हणून गेल्या मंगळवारी वैद्यकीय मंडळापुढे उभा राहिलो. वेळ सकाळी दहाची. त्याआधी दीड तास मऊ खुर्चीत बसवून ठेवलं होतं. इतकी विश्रांती मला वर्षभरात मिळाली नव्हती. मंडळात तीन डॉक्टर: एक हाडांचे, एक डोळ्यांचे आणि एक सह्यांचे. डोळ्यांचे म्हणाले, "तुमचा आजार यादीत नाही. पण पापणी डोळ्यावर असते, तेव्हा डोळ्यांच्या रकान्यात मोजू. उघडा. मिटा. उघडा. वा!" हाडांच्यांनी हात वर करायला सांगितले. मीही उत्साहात असे वर केले की माझी मलाच लाज वाटली. सह्यांच्यांनी सही केली.

दाखला मिळाला आहे. सहा टक्के. त्यातले चार चष्म्याचे असावेत.

यादीबद्दल तक्रार करायला जागा नाही. ती आमच्याच मुद्रणालयात छापली आहे, म्हणजे मीच तपासलेली असणार, म्हणजे निर्दोष असणार.

तुझा,
पंडित


९ मार्च

चि. पंडितास,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

दोनेक वर्षं! आणि मला आत्ता कळतंय. तुझी जुनी पत्रं काढून बसले. गेल्या जानेवारीपासून तुझ्या पत्रांच्या शेवटच्या ओळी घसरगुंडीवरून सुटल्यासारख्या खाली जाताहेत. मला वाटलं, शाई संपली असेल नाहीतर माझ्यावरचं प्रेम. चाळीस वर्षं वॉर्डात काढली आणि सख्ख्या भावाचं दुखणं मला अक्षरात दिसू नये? जाऊ दे. मलाही आता चष्मा लागतो.

आता नीट ऐक. तू मंडळापुढे उमेदवारासारखा गेलास. तिथे पेशंटासारखं जायचं असतं. तुझी खोड मला लहानपणापासून माहीत आहे. समोर परीक्षक दिसला की याला पहिला नंबरच पाहिजे. डॉक्टर म्हणाले 'वा!' आणि तू खूश झालास ना? खरं सांग.

पुन्हा अर्ज कर, डोळ्यांच्याच रकान्यात. खोटं काही करायचं नाही, फक्त आहेस तसा दिसायचं आहे. आदल्या दिवशीची डुलकी बंद. मंडळाच्या इमारतीत लिफ्ट असली तरी जिन्याने जा. आणि बाहेर थांबायला लागेल तेव्हा त्या मऊ खुर्चीत बसायचं नाही. उभं राहून काहीतरी मोठ्याने वाच. काहीही वाच. अर्ध्या तासात तुझा आवाज जाईल, पापणी येईल, हात लोंबतील. मग बघू दे त्यांना सहा टक्के.

औषध वेळच्या वेळी. घास लहान. आणि माझ्यापासून लपवाछपवी केलीस तर मी माझे दुखरे गुडघे घेऊन तिथे येईन, मग तुला अपंगत्व म्हणजे काय ते कळेल.

तुझी,
अक्का


२७ मार्च

ती. अक्कास,

नमस्कार.

इकडे सर्व ठीक. हवा बरी आहे. औषध चालू आहे, घास लहान आहेत. काल मंडळाची दुसरी तारीख होती. तुझ्या सूचनेप्रमाणे जिन्याने गेलो, वाचनही केलं. परीक्षा मात्र झाली नाही. थोडं काम निघालं म्हणून मधूनच परतावं लागलं. पुढची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिळेल असं म्हणतात.

बाकी विशेष काही नाही.

पंडित


२ एप्रिल

पंडित,

हे पत्र तू लिहिलंस की मुद्रणालयात छापून घेतलंस? 'हवा बरी आहे'! जन्मात कधी तू हवेबद्दल लिहिलेलं नाहीस. तुझ्या पत्रात दोन टोमणे, एक संस्कृत समास आणि साहेबांची चहाडी नसेल, तर तू आजारी तरी आहेस किंवा लाजलेला तरी.

काय झालं ते मला कळलं. तू घाबरलास. बाहेर चार लोकांसमोर आवाज बसला, पापणी पडली, कुणीतरी पाहिलं आणि पंडितांना लाज वाटली. झालं, पळालास. 'थोडं काम निघालं'! रांगेत नंबर आलेला असताना काम निघत नसतं. बाळंतीण टेबलावरून उठून भाजी आणायला जात नाही.

अरे, अशक्त दिसण्यात कसली लाज? मी हजार माणसं उघडी, रडणारी, ओकणारी पाहिली, त्यातली निम्मी हुशार होती. जूनअखेर तुला घालवतील आणि तू तारीख घेतोस जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली! ती चुकली तर?

उत्तर दे. खरं दे. दोन ओळी असल्या तरी चालतील, पण हवा नको.

अक्का


८ एप्रिल

ती. अक्कास,

तुझं निदान अर्धं बरोबर आहे. लाजलो, हे खरं. कारण वेगळं आहे.

त्या दिवशी तीन मजले जिन्याने चढलो. प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर लाभास पात्र आजारांची सरकारी यादी मोठ्या अक्षरांत लावलेली आहे. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तीच खड्या आवाजात सुरू केली. आमच्या पाठशाळेतले गुरुजी धन्य झाले असते. पाचव्या ओळीपर्यंत लोकांना वाटलं हा मंडळाचा माणूस आहे, आणि ते गप्प बसले. मग एकेकाचा आजार येऊ लागला तसे ते हात वर करू लागले. "आमचा हा!" "आला, आला, बारावा!" एका आजोबांचे दोन आले, तर ते इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्यांशी हस्तांदोलन केलं.

यादी संपली. एकच बाई हात खाली ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझा नाही आला. परत एकदा वाचता का हो? मला मोठं वाचन जमत नाही."

परत वाचली. आवाज निम्मा गेला होता. त्यांचा नाहीच आला.

शिंपीणबाई आहेत. शाळेचे गणवेश शिवतात. सकाळी हात मशीनवर चालतात, दुपारनंतर कात्री हातातून पडते. पाणी पिताना ठसका लागतो, म्हणून पातळ काही घेत नाहीत. डोळे मात्र ठणठणीत. त्यांच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: मायस्थेनिया. "तीनदा येऊन गेले," म्हणाल्या. "म्हणतात, यादीत नाही म्हणजे आजार नाही. मी म्हटलं, मग दुपारी माझ्या हातातून कात्री पाडतो तो कोण? ते हसले. दाखला मिळाला तर औषध सरकारातून मिळतं. आता एक दिवसाआड घेते, पुरवून पुरवून. तीस एप्रिलला अपिलाची मुदत संपते, मग फाइलच बंद."

अक्का, डोळ्यांच्या दारातून मला आत घेणार होते. त्यांना कुठलंच दार नव्हतं. आणि मला वाटलं, असं होईलच कसं? याच आजाराची माहिती देणारं एक परिपत्रक मी पूर्वी तपासल्याचं आठवत होतं. ज्या सरकारला आजार माहीत आहे त्याची यादी तो विसरेल कशी? तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं गेलं. मी जिन्याने खाली उतरत होतो.

मुद्रणालयाच्या दप्तरखान्यात यादीची मूळ प्रत काढली. मूळ प्रतीत चौतीस आजार आहेत. भिंतीवर तेहतीस. सत्ताविसावी ओळ: 'मायस्थेनिया. परीक्षा श्रमानंतर, दुपारी घ्यावी.' छापील मुद्रितात ती नाही. गळलेल्या ओळीच्या जागी पुढची ओळ सत्ताविसावी होऊन बसली, कारण आकडे हल्ली यंत्र आपोआप घालतं. समासात सुंदर अक्षरात शेरा: 'मुळाबरहुकूम. क्रमांक सलग.' खाली सही आणि वेळ. दोन वर्षांपूर्वीची दुपार, चार वाजून दहा मिनिटं.

अक्षर माझं. सहीही माझी. तेव्हा मी एक डोळा हाताने झाकून वाचायचो आणि चष्मेवाल्याला दोष द्यायचो. आजाराने आपलं स्वतःचं नाव यादीतून काढून टाकलं, आणि त्यासाठी माझाच हात वापरला. इतका कार्यक्षम आजार मी पाहिला नाही.

दोन वर्षांत किती जण परत गेले, मंडळाच्या कारकुनाला विचारलं. म्हणाला, "जे यादीत नाहीत त्यांची आम्ही मोजणी ठेवत नाही."

आता सांग. कळवलं तर चौकशी. न कळवलं तर जूनमध्ये डोळ्यांचा दाखला, दुपारपर्यंतचं काम आणि निष्कलंक सव्वीस वर्षं.

पंडित


१३ एप्रिल

चि. पंडितास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मागच्या वेळी तुला भित्रा म्हणाले, ते परत घेते. लिहून देते आहे, तेव्हा जपून ठेव, मी असं दरवर्षी करत नाही.

आता मोठ्या बहिणीचं ऐक. आधी जूनचा दाखला घे. तो एकदा हातात पडला की मग सांग हवं ते. चूक दोन वर्षं भिंतीवर टांगलेली आहे, आणखी दोन महिने टांगली तर भिंत पडणार नाही. तुझ्या नोकरीवर तुझं औषध आहे, घर आहे. नोकरी नसलेला पंडित म्हणजे काय हे मी सुट्ट्यांत पाहिलेलं आहे. तिसऱ्या दिवशी तू दुकानांच्या पाट्या दुरुस्त करत फिरतोस.

त्या बाईंना दुसरी काही वाट काढून दे. अर्ज लिहून दे. तुझ्याइतका चांगला अर्ज कोण लिहील?

हे लिहिलं आणि मग तासभर बसून राहिले. वॉर्डात एकदा मी एका पेशंटाच्या तक्त्यावर चुकीचा डोस लिहिला होता. डोस लहान होता, काही झालं नाही, कुणाला कळलं नाही. तेहतीस वर्षं झाली. त्या माणसाचा पलंग कुठल्या खिडकीजवळ होता ते अजून सांगते.

पण तू माझं ऐक. आधी दाखला.

अक्का


६ मे

ती. अक्कास,

तुझा सल्ला शिरसावंद्य, म्हणून डोक्यावरच ठेवला, खाली उतरवला नाही. राग मानू नकोस. तीस एप्रिल आणि जूनचा दुसरा आठवडा यांचा संधी मला करता आला नाही.

सोळा एप्रिलला मूळ प्रत आणि मुद्रित दोन्ही घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांना वाटलं मी पगारवाढ मागतो आहे.

"चूक?" म्हणाले. "तुमच्याकडून?"

"माझ्याकडून."

"मग शुद्धिपत्र काढावं लागेल." असं म्हणून त्यांनी खणातून एक नमुना काढला. त्यालाही नमुना आहे, अक्का! तोही मीच तपासलेला. शुद्धिपत्र काढायचं तर आधी जबाबदारी निश्चित करावी लागते, आणि चुकीचं कारण म्हणून दोनच चौकोन आहेत: 'आजारपण' आणि 'निष्काळजीपणा'.

मी म्हटलं, "आजारपण. कागद आहेत माझ्याकडे."

साहेबांनी यादी उघडली, बोटाने खालपर्यंत गेले. "तुमचा आजार यादीत कुठे आहे?"

"शुद्धिपत्र निघालं की येईल."

"शुद्धिपत्र कारण भरल्याशिवाय निघत नाही."

"आणि कारण यादीत आल्याशिवाय भरता येत नाही. साहेब, याला शास्त्रात अन्योन्याश्रय दोष म्हणतात."

"दोष कुठलाही असू दे," साहेब म्हणाले, "सही तुमची लागेल."

मग मी डोळ्यांचा दाखला पुढे केला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मोठ्या सहानुभूतीने परत दिला. "पंडित, हा सहा टक्क्यांचा आहे. सहा टक्क्यांत अख्खी ओळ गळत नाही. फार तर एखादा अनुस्वार."

माणूस वाईट नाही. म्हणाले, "एक करा. हे कागद जिथे होते तिथे ठेवा. जूनमध्ये दाखला आणा. तुमच्या टेबलाला खिडकीकडची जागाही देतो." खिडकीची जागा मी सव्वीस वर्षं मागत होतो.

बसलो तिथेच. बारा वाजले होते, दोन्ही डोळे उघडे होते, हात स्थिर होता. निष्काळजीपणाच्या चौकोनात इतकी काळजीपूर्वक फुली मी आयुष्यात कशावर मारली नव्हती. खाली सही, तारीख, वेळ. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फुलीकडे. "रेषेबाहेर जरासुद्धा गेली नाही," म्हणाले, जणू तोच माझा निष्काळजीपणा.

चौकशी अधिकारी दोन दिवसांनी आले. "बचावात काही म्हणायचं आहे?" मी नाही म्हटलं. ते चमकले. मला ओळखणाऱ्यांनी त्यांना बहुधा अख्खा दिवस राखून ठेवायला सांगितलं होतं. सक्तीची निवृत्ती, पेन्शन निम्मी, सेवापुस्तकात शेरा.

शुद्धिपत्र सत्तावीस एप्रिलला निघालं. मुदतीच्या तीन दिवस आधी. मला तपासायला दिलं नाही, नियमाने देता येत नव्हतं. भिंतीवर लागलं तेव्हा सकाळी जाऊन वाचलं. ओळ जागेवर आहे. एक स्वल्पविराम जास्तीचा आहे. कुणाला बोललो नाही.

पंडित


११ मे

पंडित,

गाढवा.

तीन दिवस याच्यापुढे काही लिहिता आलं नाही. आज लिहिते.

पेन्शन निम्मी झाली तर कुठलं तरी निम्मं कमी करायचं. शब्दकोश विकू नकोस, बाकी काहीही विक. आता यादीत तुझा आजार आहे ना? मग मंडळापुढे आपल्या नावाने, आपल्या आजाराने जा. आणि या वेळी दुपारची तारीख मागायची. तसं छापलेलं आहे म्हणतोस, मग दाखव बोट ठेवून.

खोटं वाटेल, पण शेजारच्या बाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांना अर्धं कळलं नाही, पण त्या म्हणाल्या, भाऊ चांगला आहे तुमचा. मी म्हटलं, तो चांगला नाही, आगाऊ आहे.

खिडकीची जागा मात्र घ्यायला हवी होतीस, दोन दिवस तरी.

अक्का


२० जून

ती. अक्कास,

नमस्कार. मंडळाची तारीख पुढच्या बुधवारी आहे, दुपारी चार वाजता. चार वाजता मंडळ उघडं ठेवावं लागणार म्हणून सह्यांचे डॉक्टर फार नाराज आहेत, असं कारकून सांगत होता.

पण पत्र लिहायचं कारण दुसरं. परवा शिंपीणबाई आल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी प्रतीक्षागृहात माझा पत्ता लिहून घेतला होता. दार उघडलं तर आत यायच्या आधीच म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस टक्के!" जणू शाळेचा निकाल. दाखला प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला, पाकीट पिशवीत, पिशवी पोटाशी. औषध आता रोज घेतात. कात्री दुपारी तीनपर्यंत टिकते. मला एक सदरा शिवून आणला होता, अंगात बरोबर बसला. माप न घेता! म्हणाल्या, "तुम्ही वाचत होतात तेव्हा घेतलं डोळ्यांनी. दुसऱ्यांदा वाचलंत तेव्हा खांदे दोन बोटं खाली आले होते, तेवढं सोडलं."

मग पाणी घेतलं, हळूहळू, एकदाही ठसका न लागता, आणि ग्लास खाली ठेवून बोलायला लागल्या.

"दोन वर्षं हो. दोन वर्षं त्या ओळीवाचून. चुकून गळली म्हणतात. कोण होता तो मेला तपासनीस? डोळे होते की बटणं शिवली होती तोंडावर? मी एक काज चुकले तर शाळेतल्या बाई अख्खा सदरा फेकतात माझ्या अंगावर. हा ओळच्या ओळ गिळतो आणि वर सही ठोकतो! पगार घेत असेल ना? सरकारी खुर्चीत फतकल मारून पेंगत असेल दुपारी."

"पेंगत असणार," मी म्हणालो.

"त्याला घालवला म्हणे."

"घालवला."

"बरं झालं. त्याला एक दिवस माझ्या मशीनवर बसवला पाहिजे. हात वर धरून. म्हणजे कळेल एक ओळ किती जड असते ते."

चार वाजून गेले होते. माझी पापणी खाली आली होती. त्यांच्या ते लक्षात आलं. "तुम्ही बोलू नका," म्हणाल्या, "थकाल. मीच बोलते." आणि पुन्हा सुरू झाल्या. त्या निष्काळजी माणसाच्या आळसावर, अकलेवर, डोळ्यांवर आणि त्याच्या सहीच्या ऐटीवर त्या चांगल्या पंधरा मिनिटं बोलल्या. मी एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहत, शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

एकाही शब्दाला दुरुस्ती नव्हती.

तुझा,
पंडित